तिपानाचे दोन हिवाळे

"पाय!"

मी थबकले. एक पाय हवेत, कमरेला पानमातीचं घमेलं, आणि आजूबाजूला चिटपाखरू नाही. रानातली झाडं अजून उघडीबोडकी होती. फांद्यांच्या जाळीतून ऊन सरळ जमिनीवर उतरलेलं, आणि जमिनीवर गेल्या वर्षीच्या पाचोळ्याचा घोटाभर थर.

"तो पाय... मागे घ्या. अहो पुढे नाही — मागे!"

आवाज खालून येत होता. माझ्यापासून दोन हातांवर एक माणूस पाचोळ्यात पालथा पडला होता. गाल मातीला टेकलेला, एका डोळ्याला भिंग, दुसरा डोळा घट्ट मिटलेला.

"पडलात का?" मी विचारलं.

"नाही. बघतोय."

"झोपून?"

"हे असंच बघावं लागतं."

मी पाय मागे घेतला. जिथे तो पडणार होता तिथे तीन पानं होती. एका देठावर, एकाच उंचीवर, तीन दिशांना पसरलेली तीन रुंद, हिरवीगार पानं.

"एवढ्याशा पानांसाठी एवढा आरडाओरडा?"

"पानांसाठी नाही. वाका जरा."

मी वाकले.

"अजून."

घमेलं खाली ठेवलं, गुडघे टेकले.

"आणखी... लाजू नका, माती सगळ्यांनाच लागते."

कोपरं टेकली, मान वाकडी केली, आणि मग दिसलं. पानांच्या खाली, दोऱ्यासारख्या बारीक देठाला लोंबकळणारं पांढरं फूल. तीन पाकळ्या, कडा मागे मुडपलेल्या. चोरी पकडली गेल्यावर पोरगी मान खाली घालून उभी राहते ना, अगदी तसं.

"अगं बाई! तिपानाला फूल येतं?"

"नाव माहीत आहे तुम्हाला?"

"मामी म्हणते तिपान. पण फूल तिनंही कधी पाहिलं नसेल. पानं बघून सगळे पुढे जातात."

"ज्याला बघायचंय तो वाकतो," तो म्हणाला, आणि हनुवटीला चिकटलेलं पान काढत हसला.

त्या वर्षी वसंत लवकर आला होता. किंवा मला तसं वाटलं असेल.

तो उठून बसला, कपडे झटकले, आणि मी मामांच्या रोपवाटिकेतली भाची आहे हे कळल्यावर जरा खाकरला. "एक विचारू? रागावणार नसाल तर. हे फूल तुमच्या वाफ्यांतून पळून आलेलं तर नाही ना?"

"आमच्याकडची रोपं पळत नाहीत. विकली जातात."

"तिपानासारखंच एक बागेतलं रोप मिळतं, बाहेरून आणलेलं..."

"ठाऊक आहे. चार ओळी आहेत आमच्याकडे. पण त्याची मान ताठ असते, फूल पानांच्या वर उभं. नवीन बूट घालून आल्यासारखं. हे तर बिचारं खाली बघतंय."

तो माझ्याकडे पाहतच राहिला. "हेच... अगदी हेच मी गेला तासभर वहीत लिहायचा प्रयत्न करतोय. पण अजून एक खूण बघायची असते. पाकळ्यांच्या आत. रानातलं असेल तर केसरांची टोकं जांभळी. या, बघा."

त्यानं भिंग पुढे केलं. ते त्याच्या गळ्यात दोरीनं बांधलेलं होतं, आणि दोरी वीतभर. भिंग माझ्या डोळ्याला लावायचं तर त्याचा चेहराही सोबत यायचा. आम्ही दोघं गाल मातीला टेकून, एकाच फुलाकडे...

"दोरी फार लहान आहे हो," मी श्वास धरून म्हटलं.

"आजवर मोठीची गरज पडली नव्हती."

टोकं जांभळी होती. मला मात्र ती दिसायला जरा वेळ लागला.

*

तो शहरातल्या वनस्पती-संग्रहालयातून आला होता. या रानात काय काय उगवतं त्याची यादी करायची आणि आपलं कोणतं, बाहेरचं कोणतं ते ठरवायचं, हे त्याचं काम. मी त्याला 'भिंगवाला' म्हणू लागले. मामीनं त्याचं बारसं आधीच केलं होतं.

"आले का तुझे गवतमास्तर?" ती कुंड्या धुता धुता विचारायची. "माणसं पोटासाठी काय काय करतात. हा बापडा गवत मोजतो."

"गवत नाही मामी, रानातली फुलं."

"बरं बाई, फुलं. पण हल्ली पानमाती रोज लागायला लागली वाटतं? पूर्वी आठवड्याला एक घमेलं पुरायचं."

मी घमेलं उचलायचे आणि निघायचे.

रानात तो जिथे तिपान सापडेल तिथे एक पांढरी पट्टी खोचून ठेवी. उन्हाळ्याअखेर पानंसुद्धा मातीत जातात, मग जागा सापडणार कशी? पाचोळ्यातून बोट-दोन बोटं वर आलेल्या त्या पट्ट्या सगळ्या रानभर दिसू लागल्या. आमच्या रोपवाटिकेतही प्रत्येक ट्रेमध्ये अशीच पट्टी असते. वरच्या भागावर काळ्या रंगानं रोपाचं नाव आणि तारीख, खालचा अर्धा भाग मातीत.

"अहो, तुमच्या सगळ्या पट्ट्या कोऱ्याच!" मी एकदा खिदळले. "मला वाटलं होतं शिकलेली माणसं निदान नाव तरी लिहितात."

"कोऱ्या?" त्यानं भुवया उंचावल्या. "ज्याला वाचायचंय..."

"...तो वाकतो. कळलं हो, कळलं. दर वेळी काय तेच!"

मी हसले. वाकले मात्र नाही. कमरेला घमेलं होतं ना.

एका दुपारी सर आली. टपोऱ्या थेंबांची, वसंतातली, आली तशी जाणारी. आम्ही धावत रोपवाटिकेच्या हिरव्या जाळीखाली आलो. जाळीतून पाऊस चाळल्यासारखा पडत होता, बारीक, पिठासारखा. त्याच्या चष्म्यावर थेंब, माझ्या पापण्यांवर थेंब.

"तुम्हाला एवढी माहिती," मी म्हटलं, "पण एक तरी रोप लावलंय का कधी हातानं?"

"नाही. मी ओळखतो फक्त. वाढवणारी माणसं वेगळी."

"मग तुमची ओळख अर्धीच."

"आणि तुमचं वाढवणं?"

"तेही अर्धंच. आम्ही काय वाढवतो ते आम्हाला कुठं ठाऊक असतं!"

"म्हणजे दोघं मिळून..." तो म्हणाला, आणि थांबला. जाळीवरून एक मोठा थेंब बरोबर त्याच्या मानेत पडला. तो शहारला, मी हसले, आणि ते वाक्य तिथंच राहिलं. माणसानं वाक्यं पुरी करावीत हो. थेंब काय, पडतच असतात.

*

उन्हाळा लागता लागता तिपानाला फळं आली. बोराएवढी, गडद लाल. त्यानं नखानं एक फळ उकललं. आत चिकट गर, आणि तपकिरी बिया. प्रत्येक बीला डोक्यावर पांढरी, मऊ टोपी.

"ही टोपी मुंग्यांची शिदोरी," तो म्हणाला. "मुंग्या बी उचलून बिळात नेतात, टोपी खातात आणि बी टाकून देतात. तिथंच ते रुजतं. वाळलं की मात्र मेलं. आजच पेरायला हवं."

"मग आज मी तुमची मुंगी."

त्या संध्याकाळी आम्ही लाकडी ट्रेमध्ये पानमाती चाळून भरली. चोवीस बिया. एकेक बी मी बोटाच्या पेरानं खळगी करून ठेवलं, त्यानं वरून माती लोटली. आमची बोटं मातीत एकमेकांना लागत होती, आणि दोघंही ती चूक सुधारत नव्हतो. पलीकडे मामी नळावर कुंड्या धूत गुणगुणत होती,

बीज मातीत निजलं, नको हाका मारू बाई,
उशाशी बस त्याच्या, त्याला उठायाची नाही घाई.

"उद्या निघतोय मी," तो अचानक म्हणाला.

माझं बोट मातीत तसंच राहिलं.

"लांबच्या बेटांवर मोजणी आहे. काल कागद आला."

"मग... परत?"

त्यानं ट्रेकडे पाहिलं. "हे उगवेल तेव्हा मी इथं असेन."

मी मनातल्या मनात हिशेब केला. आमची झेंडूची रोपं आठ दिवसांत वर येतात. हट्टी बियाणं फार तर थंडी खातं आणि वसंतात डोकं काढतं. म्हणजे पुढचा वसंत. एक हिवाळा. एक हिवाळा काय, डोळा मिटून उघडला की गेला.

"पट्टी?" त्यानं हात पुढे केला.

मी डब्यातली एक पट्टी दिली. "काय लिहिणार?"

"आहे ते सगळं."

"सगळं? एवढ्याशा पट्टीवर?"

"अक्षर बारीक आहे माझं."

तो पाठमोरा झाला. कानामागची पेन्सिल काढून बराच वेळ लिहीत राहिला, पट्टी उलटून पुन्हा लिहीत राहिला. मी मान लांब केली तर म्हणाला, "आत्ता नको. मी गेल्यावर." मग पट्टी ट्रेच्या कोपऱ्यात खोचली, अंगठ्यानं खोल दाबली, आणि जाताना फाटकापाशी एकदाच मागे वळून पाहिलं.

फाटक वाजलं. मी धावतच ट्रेकडे गेले.

पट्टी कोरी होती.

मातीच्या वर दोन बोटं पांढरी. पुढून कोरी. मागून कोरी. मी अंगठा फिरवून पाहिला, उजेडाकडे तोंड करून पाहिलं. एक अक्षर नाही, एक रेघ नाही.

ओढून काढावी असं आलं मनात. हात पुढे गेलाही. पण आमच्याकडे पेरलेल्या ट्रेची पट्टी कुणी ओढत नाही. लहानपणी मी खेळता खेळता चाळीस ट्रेंच्या पट्ट्या उपटल्या होत्या, आणि त्या वर्षी मामांनी गिऱ्हाईकांना लाल म्हणून पिवळी रोपं विकली. "पट्टी हलली की रोपाचं नाव गेलं," असं म्हणून त्यांनी माझा कान जो पिळला तो अजून गरम लागतो. आणि ओढून तरी काय मिळणार होतं? लिहायचं ते माणूस वर लिहितो, चार लोकांना दिसेल असं. मातीत तोंड खुपसून कोण लिहितं?

आहे ते सगळं, म्हणाला होता. म्हणजे आहे ते एवढंच. काही नाही.

थट्टाच होती तर. की शिकलेल्या माणसांची 'नाही' म्हणायची रीत?

*

तरी मी हिवाळाभर त्या ट्रेला जपलं. दहिवर पडायचं तेव्हा वरून पाचोळा घातला, उंदरांना जाळी लावली. पत्र आलं नाही. मीही लिहिलं नाही. कोऱ्या पट्टीला उत्तर काय देणार?

वसंत आला. झेंडू आला, मिरची आली. रानातलं तिपान फुललं, मान खाली घालून उभं राहिलं आणि पाकळ्या गुलाबी करून गळूनही गेलं. माझ्या ट्रेमध्ये काळी माती. मी सकाळी तळहात ठेवून पाहायचे, तापलेल्या पोराच्या कपाळावर ठेवतात तसा. माती थंड.

"बी पोचट असेल," मामा म्हणाले. "होतं असं कधी कधी."

फाटक वाजलं की मी दचकून वर बघायचे. पण फाटकातून यायचा तो कुंड्यावाला.

कुंड्यावाला दर आठवड्याला टेम्पोतून मातीच्या कुंड्या आणायचा. मोठा सावकाश माणूस. एकेक कुंडी उतरवायची, बोटाच्या सांध्यानं टिचकी मारायची, टण् वाजली तर चांगली, बद्द वाजली तर बाजूला. तडा गेलेली कुंडी त्यानं कधी आमच्या गळ्यात मारली नाही. दोन वर्षं तो मामीला माझ्यासाठी विचारत होता, आणि दोन वर्षं मामी मला.

"बाहेर बघ," ती एक दिवस म्हणाली. "तो माणूस रिकामा टेम्पो पुसतोय अर्धा तास. पुसून पुसून भोक पडेल त्याला."

"मामी, मला थोडं थांबायचंय."

"कुणासाठी? गवतमास्तरांसाठी?" तिचा आवाज खाली आला. "थांब ना. मी नाही म्हणत नाही. पण त्यानं काही सांगितलंय का तुला? शब्द, चिठ्ठीचपाटी?"

मी कोरी पट्टी डोळ्यांपुढे आणली. "नाही."

"मग बाळा, तू कुणाची वाट बघत नाहीस. नुसती वाट बघतेस. मामांचे गुडघे गेलेत, माझे डोळे चाललेत. आमच्यामागे तुझं कोण, एवढाच घोर आहे बघ."

मी उन्हाळ्याच्या तोंडापर्यंत थांबले. मग एक दिवस ट्रे उचलला, शेडच्या मागे जुन्या मातीचा ढीग असतो तिथे नेला आणि उपडा केला. कडेवर एक ठोसा दिला. माती वडीसारखी अख्खी पडली. लाथ मारून फोडावी असं वाटलं होतं, फोडली नाही, एवढंच. पट्टी निघाली ती चिखलानं माखलेली. आमच्या पट्ट्या अशाच निघतात. मी ती न बघता जुन्या पट्ट्यांच्या डब्यात फेकली.

शरदात माझं लग्न झालं. कुंड्यावाल्यानं माझ्या बोटात अंगठी घातली तेव्हा त्याची बोटं मातीनं खरखरीत होती. चांगला माणूस. मी कुणालाही सांगेन, चांगला माणूस.

*

लग्नानंतरही मी रोज रोपवाटिकेत जात होते. दुसरा वसंत आला. पेरणीच्या आधी जुन्या पट्ट्या धुवायच्या असतात. बादलीत भिजवायच्या, ओल्या वाळूनं घासायच्या, आधीचं नाव गेलं की नवं लिहायचं. मी बसले होते घासत. एक, दोन, दहा, वीस... हात आपोआप चालतात, डोळे कुठेही असतात.

एका पट्टीवर हात अडखळला. चिखल निघाला तसं खालच्या टोकाला, जो भाग मातीत असतो तिथे, काहीतरी करडं दिसलं. रंगाचं नाही. पेन्सिलीचं. मुंगीसारखी अक्षरं.

पहिली ओळ माझ्या वाळूखाली गेलेली होती. शेवटचा एक शब्द तेवढा उरला होता — 'तू'.

त्यानं मला तोंडानं कधी 'तू' म्हटलं नव्हतं.

खालच्या ओळी शाबूत होत्या. मी पट्टी उन्हात धरली.

'पहिल्या हिवाळ्यात याला फक्त मूळ फुटतं. वर काही दिसत नाही, घाबरू नकोस. पान दुसऱ्या हिवाळ्यानंतर. मलाही परत यायला दोन हिवाळे लागतील.'

पट्टी उलटली.

'थांबशील? हो असेल तर एकच ओळ पाठव, संग्रहालयाच्या पत्त्यावर. ओळ आली नाही तर समजेन, पुन्हा विचारून त्रास देणार नाही. उगवेल तेव्हा येईन मात्र. निदान पान बघायला.'

बादलीतल्या पाण्यावर ऊन हलत होतं. कुठंतरी मामी कुंड्या धूत होती. रानातल्या त्या पट्ट्या... उन्हानं वरचं अक्षर उडतं म्हणून ही माणसं खाली लिहितात. मातीत, जिथे ऊन पोचत नाही, पाऊस पुसत नाही. आणि आम्ही वर लिहितो, गिऱ्हाईकाला दिसावं म्हणून. त्याला वाटलं, ही रोपांत वाढलेली पोर, हिला हे माहीत असणारच. मला वाटलं, लिहिणारा माणूस वरच लिहिणार. दोघांना एवढं सगळं ठाऊक होतं, आणि एवढंसं नाही.

सबंध वर्ष ती ओळ माझ्या हातापासून चार बोटांवर होती. मी तिला पाणी घालत होते.

मी शेडच्या मागे धावले.

ढिगाच्या कडेला, त्या न फुटलेल्या वडीवर, पानं होती. तीन नाही. एकेकच. पेन्सिलीच्या टोकाएवढ्या देठावर एक-एक हिरवं पान. मोजली. अकरा.

*

तो तीन दिवसांनी आला.

फाटक वाजलं, आणि या खेपेला मी दचकले नाही. उन्हानं रापला होता, जरा वाळला होता. चष्मा नवा. भिंग गळ्यात तेच.

"उगवलं?" त्यानं फाटकातूनच विचारलं.

"अकरा."

"चोवीसात अकरा! अहो, मामांना सांगा, तुमच्या भाचीचा हात..." तो बोलता बोलता थांबला. त्याची नजर माझ्या बोटातल्या अंगठीवर गेली होती. फार वेळ नाही. पापणी लवते तेवढाच. मग तो तीच नजर उचलून शेडकडे घेऊन गेला. "कुठं आहेत? बघू."

ढिगापाशी आल्यावर त्यानं विचारलं, "ट्रे?"

"जागा बदलली."

"मुळं दुखावली असती. नशीब, वडी फुटली नाही."

"हो. नशीब."

तो पालथा झोपला. तसाच, गाल मातीला टेकून. मला वरून त्याची मान दिसत होती, केसांखालची पांढरी रेघ, जिथे बेटांवरचं ऊन लागलं नव्हतं.

"तिपानच आहे ना?" मी विचारलं.

"एका पानावरून नाही सांगता येत. बागेतल्याचं पोर आणि रानातल्याचं पोर, लहानपणी सारखीच दिसतात. अजून पाच वर्षं. फूल येईल, मान खाली घालेल, तेव्हा खात्री." तो उठून बसला. "बघायचंय?"

त्यानं भिंग पुढे केलं. मी वाकले, आणि माझ्या लक्षात आलं — दोरी लांब होती. नवी, हातभर. तो जिथे होता तिथेच बसून राहिला आणि भिंग माझ्या डोळ्यापर्यंत आरामात पोचलं. कुणासाठी एवढी लांब बांधली होती, ते त्यानं सांगितलं नाही. दोघांना सोयीनं बघता यावं म्हणून असेल.

पानाच्या शिरा दिसल्या. मग त्याही दिसेनाशा झाल्या.

"पट्टी वाचली होतीत ना?" त्यानं विचारलं. अगदी सहज, वाळकं पान चुरत. "म्हणजे... मला मधेच वाटायचं, पुसून तर गेली नसेल?"

पलीकडे अंगणात टेम्पो उभा होता. कुंड्या उतरत होत्या. टण्... टण्... टण्... एकेक कुंडी, एकेक टिचकी.

खरं जिभेवर आलं होतं. पण ते ऐकून तो काय घेऊन गेला असता? नकार मिळालेला माणूस आज ना उद्या पुढे जातो. होकार घेऊन कुठे जाईल? आणि तो टिचकी मारणारा माणूस, त्यानं तर काहीच केलेलं नव्हतं.

"वाचली," मी म्हटलं.

खोटं नव्हतं. वाचलीच होती. तीन दिवसांपूर्वी.

"हं." त्यानं चुरलेलं पान झटकलं. "पेन्सिल तशी पुसली जात नाही. ओळ आली नाही तेव्हा समजलं होतं मला. ठीक आहे. तुमचा राग नाही हो काही. फक्त ती पहिली ओळ... ती नको होती लिहायला."

पहिली ओळ. सगळ्या जगात ती आता एकाच माणसाला माहीत होती, आणि तो माझ्यासमोर बसला होता. विचारलं असतं तर सांगितली असती. पण विचारायचं कसं? मी तर वाचली होती ना!

"का?" मी एवढंच म्हटलं. "चांगली होती."

तो हसला. पहिल्या दिवशी हनुवटीवरचं पान काढताना हसला होता तसा, पण अर्धाच. "चांगली वाटली? मग झालं तर. वाया गेली नाही."

तो गेला. फाटकापाशी मागे वळून पाहिलं नाही. या वेळी मीच पाहत होते.

मग मी बादलीपाशी जाऊन बसले. ती पट्टी पदरात तीन दिवस बांधलेली होती. सोडली, मूठभर ओली वाळू घेतली आणि घासली. सावकाश, टोकापासून. पत्ता गेला. दोन हिवाळे गेले. 'थांबशील' गेलं. 'तू' सगळ्यात शेवटी. पट्टी पांढरी झाली तेव्हा ब्रशानं, काळ्या रंगानं, वरच्या भागावर ठळक लिहिलं — तिपान. खालचा भाग कोरा ठेवला. आणि ती ढिगाजवळ खोचली, आमच्या रीतीनं.

"हे काय गं, ढिगाला नाव?" कुंड्यावाला मागे येऊन उभा होता. हात लाल मातीनं भरलेले.

"बी उगवलंय. मी फेकून दिलेलं."

तो उकिडवा बसला. डोळे बारीक करून एकेक पान पाहिलं. "एवढंसं? फूल कधी येतं याला?"

"पाच वर्षांनी."

"पाच!" त्यानं मान हलवली, आणि क्षणभर विचार करून म्हणाला, "मग तोवर अकरा चांगल्या कुंड्या काढून ठेवतो मी. एकूण एक वाजवून."

"नको," मी म्हटलं. "ते कुंडीत जगत नाही."

तो उठला, बद्द वाजलेल्या कुंड्यांचे तुकडे घेऊन आला, आणि त्या अकरा पानांभोवती एकेक तुकडा उभा रोवत कुंपण घालू लागला. मी झारी आणली, आणि तुकडे रोवून होईपर्यंत हळूहळू पाणी घालत राहिले.